सालींचं दानपत्र

एकही बाटली फुटली नाही, हे आधीच सांगून टाकते. ही हकीकत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ऐकली, ते सगळे मध्येच कुठेतरी कान टवकारून बसतात, आणि बाटली फुटत नाही असं दिसलं की त्यांचा चेहरा पडतो. कोणाची निराशा करायला मला आवडत नाही. पण खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, आणि बाटल्या खरोखरच फुटल्या नाहीत. चौतीस होत्या. रोज सकाळी साडेआठला मी प्रत्येकीचं झाकण अर्धा फेरा सैल करत असे, आतली हवा फुस्स करून बाहेर येई, आणि मी झाकण परत लावत असे. नव्वद दिवसांत एक दिवस चुकला नाही. बाकी सगळं चुकलं.

माझे नेम तीन. उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही. आणि अन्नाचा अवमान करायचा नाही, म्हणजे टाकायचं नाही, ओलांडायचं नाही, पायाला लागू द्यायचं नाही. हे काही फार मोठे नेम नव्हेत. मोठे नेम करणाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला दुसरं कोणीतरी असतं.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, दमा आहे. एका दुपारी मी न्हाणीघर फिनेलने धुतलं आणि दार लोटायला विसरले. तो वास त्यांच्या खोलीत गेला आणि त्यांचा श्वास अडकला. सहा दिवस त्या दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, या उग्र वासांच्या घरात त्यांना ठेवू नका. थोरले दीर त्यांना आपल्याकडे घेऊन गेले आणि जाताना ह्यांना म्हणाले, "हे बघ, तीन महिन्यांनी एक दिवस आणून बघू. दिवसभरात एकदा जरी दम लागला, तर आई कायमची माझ्याकडे. तिची खोली तयार आहे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

आई भाऊजींकडे गेल्यावर मला कळलं की मौन पाळायलाही घरात कोणीतरी लागतं. सकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. त्या जप करायच्या, मी वाती वळायची, आणि दोघींपैकी कोणी काही बोलत नसे. ते न बोलणं भरल्या घरासारखं होतं. ह्यांच्यासमोर मौन पाळलं तर ह्यांच्या लक्षातच येत नाही. लग्नाला चार वर्षं झाल्यावर ह्यांनी एकदा विचारलं होतं, "सकाळी सकाळी तुझा घसा बसतो का गं?"

तर, मी कपाट रिकामं केलं. फिनेल, ॲसिड, काच पुसायचं निळं पाणी, सगळं घराबाहेर गेलं. आता घर पुसायचं कशाने, हे विचारायला समोरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि निवृत्त झाल्यापासून अख्ख्या इमारतीला शिकवतात.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "लिंबू, मीठ, खाण्याचा सोडा. संडास लिंबाने घासा. चकचकीत."

मी घरी येऊन लिंबू चिरलं. एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात मिठाची वाटी, आणि समोर संडास. दहा मिनिटं मी तशीच उभी होते. ज्या लिंबाला आयुष्यात कधी पाय लागू दिला नाही, त्याला मी आता हे काम सांगणार होते. मग लिंबू धुतलं, सरबत केलं, प्यायले आणि परत समोरच्या दारात गेले.

"अहो, देवाला काय कळतंय लिंबू कुठे गेलं ते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

हे मला पटलं नाही. त्याला कळत नसेल तर मग मी तीस वर्षं कोणासाठी पाळतेय?

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. अवघड विद्यार्थी समोर आला की त्या असंच करत असणार. "मग साल घ्या. साल अन्न नाही ना? तीन भाग संत्र्याची साल, एक भाग साखर, दहा भाग पाणी. बाटलीत भरा आणि नव्वद दिवस थांबा. त्याचं जे होईल त्याने अख्खं घर पुसा. मात्र रोज झाकण सैल करायचं."

नव्वद दिवस म्हणजे बरोबर तीन महिने. मी हात जोडले. साखरेचा प्रश्न राहिला होता, त्यावर मी दोन दिवस विचार केला आणि असं ठरवलं की साखर आपण टाकत नाही, सालींना खाऊ घालतो. कोणालाही खाऊ घालणं हा अन्नाचा अवमान होऊ शकत नाही. हे ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वकील व्हायला हवी होतीस." त्यांनी कौतुकाने म्हटलं असावं.

सगळं घर तीन महिन्यांनंतरही पुसत राहायचं तर साली पुष्कळ लागणार होत्या. पहिला आठवडा आम्ही दोघांनी संत्री खाल्ली. आठव्या दिवशी ह्यांचं तोंड आलं. मग मी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे गेले. त्याच्या गाडीमागे सालींचा ढीग असतो, तो संध्याकाळी कचऱ्यात जातो.

"साली हव्यात?" त्याने विचारलं. "किती जनावरं आहेत घरी?"

"एकही नाही."

"मग?"

"फरशी पुसायला हव्यात."

माझा आवाज मुळात बारीक, आणि त्याचं यंत्र घरघरत होतं. त्याने मला तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा यंत्र नेमकं थांबलं आणि रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून आमच्या रस्त्यावर मला सालवाल्या बाई म्हणतात. मी कधी कोणाला उलटून बोलले नाही. फक्त त्या रस्त्याने जाताना पदर जरा पुढे ओढून घेते.

रसवाला मनाचा मोठा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच त्याने आदल्या दिवसाच्या सालींची दोन पोती काढून ठेवली होती. मी ती लिफ्टमध्ये घातली आणि दार लागणार, इतक्यात इमारतीचे सेक्रेटरी आत आले.

"काय आहे यात?"

मी लिफ्टच्या छताकडे पाहिलं. साडेसात वाजले होते.

"वहिनी, मी विचारतोय, काय आहे?"

मी पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि सरळ उभे राहिले.

"कचरा," ते म्हणाले. "आणि वर चाललाय?"

मी मान हलवली. ती हलवायला हरकत नसते.

"एकवीस वर्षं मी सेक्रेटरी आहे. कचरा खाली नेत नाहीत म्हणून मी लोकांशी भांडलोय. वर नेतात म्हणून कोणाशी भांडायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं." आणि तिसऱ्या मजल्यावर उतरताना ते मागे वळून म्हणाले, "तुम्ही काही बोलत नाही, याचा अर्थ तुम्हालाही ते पटतंय."

नऊ वाजून एक मिनिटाने मी त्यांच्या दारात जाऊन सगळं समजावून सांगितलं. पण तोपर्यंत त्यांनी सफाई खात्याला अर्ज लिहून टाकला होता, आणि त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की लिहिलेला अर्ज फाडायला त्यांचं मन होत नव्हतं.

तीन आठवड्यांनी सफाई खात्याचे निरीक्षक आले. सव्वाआठ वाजता. हे कामावर गेले होते.

"निवासी जागेत बाहेरचा कचरा साठवल्याची तक्रार आहे," ते दारातूनच म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग घड्याळाकडे बोट केलं आणि नवाचा आकडा दाखवला. लिहून सांगता आलं असतं, पण लिहून बोलणं म्हणजे मौनाला मागचं दार ठेवणं.

"नऊ वाजता कोणी येणार आहे का?"

एका अर्थी मीच येणार होते. मी मान हलवली.

ते बसले. साडेआठ झाले. झाकणांची वेळ. पाहुणा बसलाय म्हणून नेम टळत नसतो. मी मांडणीपाशी गेले आणि पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली. फुस्स. दुसरी. फुस्स. निरीक्षकांनी पेला खाली ठेवला. दहाव्या बाटलीपर्यंत ते खुर्चीच्या काठावर आले होते. विसाव्या बाटलीनंतर ते मागे टेकले, आणि शेवटी शेवटी तर त्यांचे डोळे मिटले होते. नऊचे टोले पडले तेव्हा ते दचकले.

"नमस्कार," मी म्हणाले. "आता विचारा."

"तुम्हाला बोलता येतं?"

"नऊनंतर."

त्यांनी फाइल उघडली. मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं. फिनेल, दार लोटायला विसरले ते, आई, लिंबू, रसवाला. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. त्यांनी पेन कपाळाला लावलं.

"बाई, माझ्याकडे कचरा बाहेर टाकण्याचा फॉर्म आहे. कचरा जाळण्याचा आहे. कचरा घरात आणण्याचा नाही. हे बघा, इथे एक रकाना आहे, 'कचरा कोणाचा'. तिथे 'स्वतःच्या घरचा' लिहा आणि सही करा. घरच्या सालींचं तुम्ही काहीही करा, सरकार विचारत नाही. फाइल बंद होते."

"पण साली रसवाल्याच्या आहेत."

"हे मला कळलंय."

"मग घरच्या आहेत असं कसं लिहू?"

"बाई, मला तीन मुली आहेत," ते म्हणाले. याचा सालींशी संबंध काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांचा आवाज असा होता की मला फार वाईट वाटलं. मी तरी सही केली नाही. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, पंधरा दिवसांत साली कोणाच्या ते ठरलं नाही, तर गाडी येऊन बाटल्या उचलून नेईल.

त्या दिवशी मी जेवले नाही. तो उपास नव्हता. बाटल्या गेल्या तर उरलेल्या दिवसांत दुसऱ्या होणार नव्हत्या, आणि आई एका दिवसासाठी येऊन कायमच्या परत गेल्या असत्या. एका सहीचा प्रश्न होता. ह्यांनी पानावरून उठताना एवढंच म्हटलं, "तुझं खरेपण आईला महागात पडणार."

मार्ग मास्तरीणबाईंनी काढला. "रसवाल्याने त्या तुम्हाला दिल्या ना? दिली वस्तू ज्याला दिली त्याची. त्याच्याकडून तसं लिहून घ्या. मग त्या तुमच्या घरच्याच."

आम्ही दोघी रसवाल्याकडे गेलो. त्याने यंत्र बंद केलं, हात पुसले आणि रांगेला थांबायला सांगितलं. मास्तरीणबाईंनी मजकूर सांगितला, त्याने तो लिहिला: मी माझ्या गाडीवरच्या संत्र्यांच्या साली राजीखुशीने, कसलाही दबाव नसताना, या बाईंना कायमच्या दान देत आहे, त्यांवर माझा किंवा माझ्या वारसांचा पुढे कोणताही हक्क राहणार नाही. रांगेतल्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सही करून रसवाल्याने कागद दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. म्हणाला, "आजपर्यंत मी काही दान केलं नव्हतं."

निरीक्षकांनी ते दानपत्र दोनदा वाचलं, फाइलला लावलं, आणि मी 'स्वतःच्या घरचा' असं लिहून स्वच्छ मनाने सही केली. जाताना ते म्हणाले, "ती झाकणं रोज साडेआठलाच का?" मी हो म्हटलं. त्यानंतर ते आणखी दोनदा, काही काम नसताना, साडेआठला येऊन बसून गेले.

नव्वद दिवस भरले. बाटल्या गाळल्या. आत चहासारखं पिवळसर, आंबट वासाचं पाणी तयार झालं होतं. आई रविवारी येणार होत्या, आणि आज गुरुवार होता.

मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, एका बादलीला एक झाकण. बाकीच्या खोल्या मी तशाच पुसल्या. पण आईंची खोली आली आणि माझा हात थांबला. त्या खोलीला एक झाकण? जिच्यासाठी हे सगळं केलं तिला? मी तिथे बादलीला बादली ओतली. पाणी घातलंच नाही. नीट मुरावं म्हणून पसरून तसंच ठेवलं.

मी खोलीत ओतत होते, तेव्हा मास्तरीणबाई दारात आल्या. सकाळचे आठ वाजले होते. त्यांनी एकदम दोन प्रश्न विचारले: "फरशी संगमरवरीच ना? आणि पाणी घालून पातळ केलंय ना?"

मी मान हलवली. ती पहिल्या प्रश्नाला होती. दुसऱ्या प्रश्नाला वेगळी मान हलवायला हवी होती, पण त्या तोवर "छान" म्हणून निघून गेल्या होत्या.

शुक्रवारी आणि शनिवारीही मी तसंच केलं. शनिवारी दुपारी फरशी सुकली आणि मी पाहिलं. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हा सगळीकडे संगमरवर घातला होता. आई दर रविवारी, सत्तरी उलटली तरी, स्वतःच्या खोलीची फरशी स्वतः पुसत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. तिच्यात खिडकी दिसायची. आता तिच्यात काही दिसत नव्हतं. पांढुरकी, खरबरीत, पाठ सोललेल्या जनावरासारखी ती पडली होती.

"संगमरवर म्हणजे चुनखडीच," मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आंबट लागलं की तो विरघळतो. अहो, तुम्ही मान हलवली होतीत."

"पहिल्या प्रश्नाला," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो न पुसताच परत घातला.

हे पॉलिशवाल्याला घेऊन आले. तो गुडघ्यावर बसला, बोट फिरवलं. "दोन तासांत आरसा करून देतो. फक्त औषधाचा वास चार दिवस राहील."

"मग नको," मी म्हणाले.

"मग गालिचा घाला वर."

गालिचा धूळ धरतो, आणि धुळीने दमा वाढतो. आणि तसंही झाकून ठेवणं म्हणजे न बोलता खोटं बोलणं. पॉलिशवाल्याला पाठवून दिलं. हे माझ्याशी रात्रीपर्यंत बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच समोरच्याचं मौन काय असतं ते कळलं.

रविवारी अकरा वाजता भाऊजी आईंना घेऊन आले. एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचा हात. पिशवी त्यांनी दाराबाहेरच ठेवली. आईंनी उंबऱ्यात उभं राहून श्वास घेतला, सोडला. आम्ही तिघं त्यांच्या छातीकडे बघत होतो. मग नेहमीसारख्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपत त्या बाहेरच्या खोलीतून हळूहळू आत आल्या, आणि आपल्या खोलीच्या दाराशी थांबल्या.

"आई," मी म्हणाले, "फरशी मी बिघडवली. आंबट पाणी जास्त घातलं. चूक माझीच."

त्यांनी खाली पाहिलं. भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्यांनी खिडकीकडे.

आईंनी एक पाऊल टाकलं. मग भिंतीवरचा हात काढला. दुसरं पाऊल टाकलं. काठी भाऊजींकडे दिली आणि चालत, कशालाही न धरता, थेट खिडकीपर्यंत गेल्या. तिथून वळून परत पलंगापर्यंत आल्या.

"आई, सावकाश," भाऊजी म्हणाले.

"गप रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी एवढ्या हौसेने ही फरशी घातली, आणि मी हिच्यावरून दोनदा घसरून पडले, एकदा तर मनगट मोडलं, तेव्हा तुम्हाला सांगितलं जिन्यात पडले म्हणून, त्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांना सांगितलं नाही, आणि ते गेल्यावर तुम्हाला सांगून काय करायचं म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही."

एवढं सगळं त्या एका श्वासात बोलल्या. भाऊजींच्या ते लक्षात आलं. माझ्याही आलं.

"पण दर रविवारी तूच तर चमकवायचीस," हे म्हणाले.

"बसून पुसत होते," आई म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला पडायची भीती नसते."

भाऊजी बाहेर गेले आणि दाराबाहेरची पिशवी आत आणून पलंगाखाली ठेवली. आईंनी तळवा फरशीवर घासून पाहिला, समाधानाने मान डोलावली, आणि मग बाहेरच्या खोलीतल्या चकचकीत फरशीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या,

"आता ती कधी बिघडवतेस?"